नऊ ते चार, घरात एकटी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३७ वर्षांची आहे, रत्नागिरीत राहते. गेली चार वर्षं घरून भाषांतराचं काम करते. बहुतेक माहितीपटांची सबटायटल्स असतात, मधूनच औषधांची माहितीपत्रकं. काम आवडतं, पैसेही बरे मिळतात. नवरा नऊला बँकेत जातो, मुलगी शाळेत. सासूबाई होत्या तोवर दुपारच्या चहाला सोबत असायची. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. आता नऊ ते चार घरात चिटपाखरू नसतं. 'दोन मिनिटं फेसबुक बघते' म्हणून फोन घेते आणि चाळीस मिनिटं जातात. तेवढ्यात पन्नास माणसं डोळ्यांखालून गेलेली असतात, पण संध्याकाळी वाटतं, आज आपण कुणाशी बोललोच नाही. नवरा म्हणतो, सगळं काढून टाक, डोकं शांत होईल. नणंद म्हणते, घरीच तर असतेस. मला भीती वाटते की हेही काढलं तर बाहेरच्या जगाशी उरलेला एवढा धागाही तुटेल.

गेल्या आठवड्यात एका शब्दावर दोन तास अडले. मासेमारीचं जाळं विणायची जी सुई असते, तिला मराठीत काय म्हणतात? विचारायला कुणी नव्हतं. शेवटी नुसतं 'सुई' लिहून फाइल पाठवली आणि रडू आलं. माझं काय चुकतंय? सोशल मीडियात माझ्यासारखीला काही उपयोगाचं आहे, की नवरा म्हणतो तेच खरं?

– एक वाचक, रत्नागिरी

*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात मी त्या सुईपाशी थांबले. चाळीस मिनिटं वाया गेल्याचं तुम्ही आधी लिहिलंत, पण रडू आलं ते सुईवर. मीही गेली १९ वर्षं घरात बसून मुद्रितशोधन आणि भाषांतर करते, त्यामुळे ते रडू मला ओळखीचं आहे. आपण काम नीट करू शकलो असतो, फक्त शेजारी एक माणूस हवं होतं, याचं ते रडू असतं. म्हणून फोनचं थोडं नंतर बघू.

ऑफिसात असताना मान वळवून 'अगं, याला तू काय म्हणशील?' एवढं विचारता येतं. त्याला दहा सेकंद लागतात. घरून काम करायला लागलं की सगळ्यात आधी हे जातं, आणि गेलंय हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण ऑफिस सोडताना आपण पगार, प्रवास, डबा यांचाच हिशेब केलेला असतो. तुमच्या बाबतीत सासूबाईंच्या चहाने ही उणीव काही काळ झाकली गेली असणार. त्या गेल्या आणि कामात विचारायला माणूस नाही, चहाला सोबत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम उघड्या पडल्या. यातली पहिली भरून काढायला सोशल मीडियाची मदत होते. दुसरीला होत नाही. हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर माणूस चहाची सोबत फेसबुकवर शोधत बसतं, आणि ती तिथे मिळत नाही.

घरून काम ही आपल्या पिढीत निघालेली गोष्ट नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथली पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. सकाळी शाखेत जायचं, आदल्या दिवशीचे पापड द्यायचे, मळलेलं पीठ घ्यायचं आणि घरी येऊन लाटायचं. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकाही पानं-तंबाखू घरी नेतात आणि वळलेल्या विड्या कारखान्यात आणून देतात. या कामांत कष्ट किती आणि हातात पडतं किती, हे मला ठाऊक आहे. त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण काम एकटीचं असलं तरी त्याच कामातल्या चार जणी रोज एकदा भेटतात. 'आज पीठ सैल आहे गं' इतकं बोललं तरी समोरचीला कळतं, कारण तिच्याही हातात तेच पीठ असतं. आपलं काम ईमेलने येतं आणि ईमेलने जातं. ती सकाळची फेरी आपल्या वाट्याला आलीच नाही.

सोशल मीडियावर मला मोलाचं काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. ती फेरी मला तिथे सापडली. मी ती पुष्कळ उशिरा आणि चुकत चुकत आखून घेतली.

कशी, ते सांगते. दहाएक वर्षांपूर्वी शेतीच्या जुन्या अवजारांवरचं एक पुस्तक माझ्याकडे भाषांतराला होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी असते तिला काय म्हणतात, ते मला आठवेना. शहरात वाढलेल्या मुलीला कुठून आठवणार? मी 'लोखंडी पट्टी' लिहून पुढे गेले होते, तुमच्या सुईसारखंच. मग रात्री राहवेना म्हणून चाकाचा फोटो काढून भाषेच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकला आणि विचारलं. तासाभरात तिघांनी उत्तर दिलं : धाव. दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी लांबलचक लिहिलेलं होतं. त्यांचे वडील सुतार. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बेततात. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद झाली, फुगली, की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. चर्र आवाज होतो, वाफ उठते, धाव आवळते, आणि ती आवळली की सगळे आरे चाकाच्या मधल्या तुंब्यात घट्ट बसतात. वडील आम्हा पोरांना लांब उभं करायचे, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मला एक शब्द हवा होता. मला त्या शब्दामागचं अख्खं अंगण मिळालं. आणि मैत्रिणी, त्यांनाही काहीतरी मिळालं. वडील गेल्यावर इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना त्या आगीबद्दल विचारत होतं. त्यांचे-माझे मेसेज अजून सुरू आहेत. आता आम्ही अवजारांबद्दल कमी आणि गुडघ्यांबद्दल जास्त बोलतो.

मी तिथे प्रश्न घेऊन गेले होते, एवढाच फरक होता. त्याआधीची कित्येक वर्षं मी तुमच्यासारखीच नुसती बघायला जायची.

हा फरक अभ्यासातही दिसला आहे. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट या दोघांनी २०१६ साली फेसबुक वापरणाऱ्या सुमारे १,९०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (बर्क फेसबुकमध्येच नोकरीला होत्या, हे वाचताना ध्यानात ठेवावं.) जवळच्या माणसाने आपल्याला उद्देशून, शब्द जुळवून काही लिहिलं की लोकांना बरं वाटत होतं. इतरांनी सगळ्यांसाठी टाकलेलं नुसतं बघण्याने किंवा एका टिचकीच्या लाइकने तसं होत नव्हतं. पन्नास माणसं पाहूनही संध्याकाळी बोललोच नाही असं तुम्हाला वाटतं, ते अगदी बरोबर वाटतं. तुम्ही खरंच कुणाशी बोललेल्या नसता.

आता त्या चाळीस मिनिटांकडे येऊ. 'माझं काय चुकतंय' असं तुम्ही विचारलंत. यात तुमचा दोष फार थोडा आहे. पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भाग संपतो, शेजारणीशी गप्पा मारताना कुकरची शिट्टी होते. फेसबुक-इन्स्टाग्रामचं पान संपतच नाही, कारण ते न संपण्यासाठीच घडवलं आहे. आझा रास्किन या माणसाने २००६ साली ही न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. जिथे थांबायची जागाच ठेवलेली नाही तिथे थांबता येत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. थांबायची जागा आपण बाहेरून आणायची.

मी आणली ती अशी. फोनवरून ॲप काढलं, खातं ठेवलं. आता जे काय बघायचं ते संगणकावर, खुर्चीत ताठ बसून. एवढ्यानेच निम्मी ओढ कमी झाली, कारण संगणकावर पडल्या पडल्या बोट सरकवत राहता येत नाही. दिवसात दोन वेळा ठरवल्या, अकरा आणि साडेतीन, दर वेळी पंधरा मिनिटं. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी पडली : टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवला. काम करताना जे अडेल, जे कुणाला सांगावंसं वाटेल, ते त्यावर लिहायचं. अकरा वाजता कागद बघायचा. त्यावर काही असेल तर ते विचारायला जायचं. काही नसेल तर दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला जायचं. दोन्ही नसेल तर जायचंच नाही, उठून खिडकीशी उभं राहायचं. पहिला आठवडा हात शिवशिवतो. मग सवय होते.

तुमच्या यजमानांना हे दाखवा. ते तुमच्या काळजीने बोलतायत, आणि त्यांचं अर्धं म्हणणं बरोबरही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी फक्त १० मिनिटं वापरायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटेपणा आणि उदासी बाकीच्यांपेक्षा कमी झालेली दिसली. म्हणजे कमी करण्याने बरं वाटतं, हे खरंच. पण त्या मुलांनी सगळं काढून टाकलं नव्हतं, आणि त्यांच्या आजूबाजूला दिवसभर वर्गातली मुलं होती. यजमानांनाही बँकेत दिवसभर माणसं भेटतात. तुमच्या घरात नऊ ते चार कुणी नाही. तिथे सगळंच काढून टाकणं म्हणजे धूर येतो म्हणून चूलच फोडणं.

नणंदेच्या बोलण्यावर मी वेळ घालवणार नाही. तुम्हीही घालवू नका. तुम्ही घरी असता आणि काम करता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

या फेरीचा आणखी एक फायदा आहे, पैशांचा. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीकडे माझे ३८ हजार रुपये अडकले होते. पाच महिने 'अकाउंट्सला सांगितलंय' एवढंच उत्तर यायचं. एकटीने काम करणाऱ्या बाईला अशा वेळी वाटतं, आपणच काहीतरी कमी पडलो असू. मी भाषांतरकारांच्या ग्रुपवर कुणाचं नाव न घेता विचारलं, असं झालं की तुम्ही काय करता? नागपूरच्या एका बाईंनी, ज्यांना मी कधी भेटले नव्हते, मला वेगळा मेसेज करून समजावलं. २००६चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. त्याखाली नोंदणी असेल तर आपल्यासारख्या एकट्या भाषांतरकारालाही त्याचं संरक्षण मिळतं. कामाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. ऐकलं नाही तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. माझी नोंदणी होती, कुणाच्या तरी सांगण्यावरून करून ठेवलेली. तिचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळलं. मी कलम १५ आणि १६ यांचा उल्लेख करून नम्र शब्दांत पत्र पाठवलं. अकराव्या दिवशी पैसे जमा झाले. या कायद्याखालची ही नोंदणी, म्हणजे 'उद्यम' नोंदणी, तुमची नसेल तर ती आजच करून घ्या. आधारवर होते, फुकट होते. तिचे पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नसतात.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली लिहिलेला एक लेख प्रसिद्ध आहे. ज्यांना ओळखीतून नवी नोकरी मिळाली, त्यांना ती बातमी बहुधा जिवलग मित्राकडून मिळाली नव्हती, कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जिवलगांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवं कळतं ते थोडं लांबच्या माणसाकडून. नागपूरच्या त्या बाई माझ्यासाठी तशा होत्या. रत्नागिरीत बसून भाषांतर करणाऱ्या तुम्हाला अशा लांबच्या ओळखींची गरज पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा जास्त आहे.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. तुमच्याकडच्या माहितीपटांवर बहुतेक गुप्ततेचा करार असणार. शब्द विचारताना फक्त शब्द विचारा. चित्रपटाचं नाव, प्रसंग, पडद्याचा फोटो यातलं काहीही टाकू नका. आणि कामाच्या ग्रुपांवर 'घरबसल्या टायपिंग'छाप आमिषं फिरत असतात. काम देण्याआधी जो नोंदणीचे किंवा अनामत म्हणून पैसे मागतो, त्याला एक रुपया द्यायचा नाही. कुणाचे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला सांगा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

आता सासूबाईंच्या चहाबद्दल.

ती वेळ फोनला देऊ नका. मी वर अकरा आणि साडेतीन म्हटलं, पण तुमचा चहा साडेतीनला होत असेल तर तुमची फेरी दोनला ठेवा. चहाच्या वेळेला तुम्हाला जे जाणवतं ते दुःख आहे, त्याला कंटाळा समजू नका, आणि त्यावर रीलचं पांघरूणही घालू नका. सासूबाईंची एखादी मैत्रीण असेल, बहीण असेल. आठवड्यातून एकदा त्या वेळेला तिला फोन करा. मेसेज नको, फोन करा. तिलाही त्यांची आठवण येत असेल, आणि घरातल्या माणसाकडून ते नाव ऐकायला मिळालं तर तिला बरंच वाटेल.

आठवड्यातली एक सकाळ घराबाहेर काम करून बघा. तुमच्या गावात तर जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथे कुणी तुमच्याशी बोलणार नाही कदाचित. पण पान उलटल्याचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं, कुणीतरी खुर्ची सरकवतं. ज्या घरात आवाजच नाही, तिथून आलेल्या माणसाला हे पुष्कळ असतं.

फोनमधून सोबत मिळत नाही असं मी ठासून म्हणणार होते, पण मला स्वतःचंच एक उदाहरण आठवतंय. अकोल्याची एक भाषांतरकार मला ग्रुपवरच भेटली. वर्षभर आम्ही शब्दांबद्दल लिहीत होतो, मग एकदा फोनवर बोललो, मग अधूनमधून. आता मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक आम्ही दोघी व्हिडिओ कॉल लावून ठेवतो, आवाज बंद करतो आणि आपापलं काम करतो. ती मान खाली घालून टाइप करताना दिसते. मधेच तिची मांजर टेबलावर येते. दोन तासांत आम्ही चार वाक्यं बोललो तर बोललो. ही सोबतच आहे. पण ती एक वर्षाच्या लिहिण्याबोलण्यातून आली, म्हणून तुम्हाला सांगते : ग्रुपवर एखाद्या व्यक्तीशी चार-पाचदा चांगलं बोलणं झालं की संकोच न करता विचारा, 'एकदा फोनवर बोलूया का?' दोघी-तिघी नाही म्हणतील. एखादी हो म्हणेल.

तुमच्या सुईचं उत्तर मी मुद्दाम दिलेलं नाही. ते तुमच्यापासून फार लांब नाही. मिरकरवाडा बंदरावर जाळी दुरुस्त करणारी माणसं बसलेली असतात. शनिवारी मुलीला घेऊन जा. त्यांच्या हातातल्या सुईला काय म्हणतात, कशाची करतात, दोरा कसा भरतात, सगळं विचारा. त्यांची परवानगी घेऊन सुईचा फोटो काढा. घरी आलात की तो फोटो भाषेच्या एखाद्या ग्रुपवर टाका, मिरकरवाड्यात हा शब्द मिळाला असं लिहा, आणि विचारा की मालवणात, श्रीवर्धनला, वसईला, गोव्यात तिला काय म्हणतात. मग अकराच्या फेरीला बघा काय काय आलंय. आणि ज्यांना फाइल पाठवली त्यांनाही एक ईमेल करा, 'सुई'च्या जागी हा शब्द घालता येईल का म्हणून. अजून वेळ गेली नसेल.

तुमची,
ताई